रडणारा बेडूक आणि खोदणारा जेसीबी

पत्र असं आलंय:

"ताई, लेक येत्या शनिवारी पाच वर्षांची होतेय आणि तिला जेसीबीचा केक पाहिजे. मागच्या वर्षी मी हौसेने घरीच बेडूक केला होता, वरून हिरवं व्हिप्ड क्रीम लावलं, केक कापायच्या वेळेपर्यंत ते ओघळलं, डोळे गालावर आले आणि लेकीने आल्यागेल्या सगळ्यांना सांगितलं की आमचा बेडूक रडतोय. बायको म्हणते यंदा गुपचूप विकत आण. मी मात्र व्हिडिओ बघून बघून एक किलो फॉन्डंट, म्हणजे केक मढवायची ती साखरेची कणीक, आणि सहा रंग आणून ठेवलेत. माझा स्पंज मधोमध बसतो हेही आधीच सांगून टाकतो. पंधरा मुलं येणारेत, एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. लेकीला विचारलं केक कसा पाहिजे, तर एकच शब्द, 'खोदणारा'. काय करू? – बेडूकवाला बाबा"

अहो बाबा, करा घरीच. बायकोला माझं नाव सांगा.

पण तुम्ही पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सगळ्यात शेवटी लिहिलीय आणि लिहून तशीच सोडून दिलीय. ती म्हणाली "खोदणारा". पिवळा म्हणाली नाही, मोठा म्हणाली नाही, त्या व्हिडिओतल्यासारखा चकचकीत तर अजिबातच म्हणाली नाही. आपण मोठी माणसं केक म्हटलं की तो दिसणार कसा याचा विचार करत बसतो आणि पाच वर्षांचं पोर विचार करतं की तो करतो काय. तुमचा बेडूक रडला म्हणून लक्षात राहिला बघा, नुसता बसून राहिला असता तर एव्हाना कुणाला आठवलाही नसता. आगगाडी पाहिजे म्हणणाऱ्याला डबे सोडवून ओढायचे असतात, सुरवंट पाहिजे म्हणणारीला त्याचा एकेक गोळा तोडून वाटायचा असतो. त्यामुळे तुम्हाला जेसीबीच्या आकाराचा केक करायचाच नाहीये, जमिनीचा केक करायचाय आणि त्यात एक छोटा जेसीबी खोदत असला पाहिजे. हे सोपंही आहे आणि खरं सांगू का, जास्त भारी दिसतं.

तरी आज रात्री एक काम करा, तिच्या हातात कागद आणि खडू द्या आणि म्हणा जेसीबी काढून दाखव. काढताना बाजूला बसून नुसतं बघा, दुरुस्त्या सुचवू नका. ती ज्या तीन-चार गोष्टी काढेल त्याच केकवर यायला हव्यात, बाकी सगळं सोडून द्या. बहुतेक चाकं, ती लांब सोंड, बकेट आणि आत बसलेला ड्रायव्हर असणार. खिडकीची काच, हेडलाइट, नंबरप्लेट हे तुमचे हट्ट आहेत, तिचे नाहीत. एखादीने ड्रायव्हरच्या जागी मांजर काढलं तर मांजर बसवायचं, वाद घालायचा नाही.

आता आधी बेडकाचं पोस्टमॉर्टेम उरकू, म्हणजे तीच चूक परत नको. व्हिप्ड क्रीम म्हणजे हवेचे बुडबुडे आणि त्यांना धरून ठेवणारे फॅटचे कण, गरम झालं की फॅट मऊ पडतं, बुडबुडे सुटतात आणि पाणी खाली ओघळतं. त्यात तुम्ही केक पूर्ण गार व्हायच्या आधी क्रीम लावलं असणार, सगळेच लावतात, पाहुणे यायची वेळ झालेली असते ना. वरून कोमट वाटतो पण पोटात तो तासभर तरी गरमच असतो. आणि डोळे जर फॉन्डंटचे असतील तर मग विषयच संपला, फॉन्डंट म्हणजे बहुतेक साखरच, ती क्रीममधलं पाणी ओढून घेते, चिकट होते आणि उतारावरून निघते खाली. म्हणजे बेडकाला रडवलं साखरेने.

म्हणून यंदा व्हिप्ड क्रीम नाही. बटरक्रीम करा, म्हणजे बटर आणि आयसिंग शुगर फेटून केलेलं क्रीम, किंवा खोली खूप तापणारी असेल तर चॉकलेट गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट मिश्रण. आणि ते एक किलो फॉन्डंट, त्यातलं मूठभर लागेल फक्त. अख्खा केक फॉन्डंटने मढवायच्या नादाला लागू नका, व्हिडिओत तो माणूस ते कापडासारखं उचलून टाकतो आणि हाताने सपसप चोपडतो तेव्हा फार सोपं वाटतं, पण पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातात ते कोपऱ्यावर फाटतं, बाजूला चुण्या पडतात, आणि पोरं तसंही ते सोलून बाजूला काढून ठेवतात. उरलेलं प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून ठेवा, पावसाळी दिवसात पोरांना खेळायला होईल.

स्पंजचं बोलू, कारण खरी गोम तिथेच आहे. तुम्हाला हवा ३० बाय २० सेंटिमीटरचा आयताकृती ट्रे, किमान पाच सेंटिमीटर खोल. त्यातून पाच बाय पाचचे २४ तुकडे निघतात, खड्ड्यात थोडे गेले तरी पंधरा पोरं आणि त्यांना सोडायला आलेले दोन-चार आईबाप आरामात होतात. स्पंज हलका, कापसासारखा नको, आपल्याला त्यात खणायचंय, त्यामुळे जरा जड आणि बारीक जाळीचा बटर केक पाहिजे. याचं सगळ्यात जुनं आणि न चुकणारं माप म्हणजे समसमान वजन. सहा अंडी फोडून वाटीत वजन करा, साधारण ३०० ग्रॅम भरतील, जेवढी भरतील तेवढंच बटर, तेवढीच बारीक साखर आणि तेवढाच मैदा. जमीन हवीय म्हणून मैद्यातला ५० ग्रॅम काढून तेवढी कोको पावडर घाला. बेकिंग पावडर तीन टीस्पून, सपाट, वर डोंगर नको. आणि शेवटी मिश्रण घट्ट वाटलं तर तीन-चार चमचे दूध. वजनकाटा नसेल तर कुणाकडून उसना आणा पण कपाने मोजू नका, मैदा दाबून भरला की भुरभुरून भरला यावर एकाच कपात बराच फरक पडतो.

बटर फ्रीजमधून किमान तासभर आधी बाहेर काढा, अंडीसुद्धा. बोट दाबलं की खळगा पडला पाहिजे पण बटर चकाकायला लागलेलं नको. मग साखरेबरोबर चांगलं पाच मिनिटं फेटा, पिवळ्याचं पांढुरकं होईपर्यंत. कंटाळा येतो, दोन मिनिटांत झालंसं वाटतं, पण याच वेळी साखरेच्या कण्या बटरमध्ये हवा कोंडत असतात आणि पुढे बेकिंग पावडरचा गॅस त्याच बारीक बुडबुड्यांना फुगवतो, नवीन बुडबुडे काही तो तयार करत नाही. अंडी एकेक करून घाला, फाटल्यासारखं दिसलं तर एक चमचा मैदा टाका, सावरतं. मैदा आला की मिक्सर बंद, चमच्याने हलक्या हाताने, आणि सुका मैदा दिसेनासा झाला की थांबायचं. नाहीतर ग्लूटेन, म्हणजे मैद्यातलं चिवट प्रथिन, तयार होऊन केक चिवट होतो.

आता तो मधोमध का बसतो. तीन संशयित आहेत. पहिला तुम्ही स्वतः, दर पाच मिनिटांनी ओव्हन उघडून बघणारे. केकच्या भिंती पक्क्या व्हायच्या आत गार हवा लागली की फुगलेले बुडबुडे आकसतात आणि मधला भाग, जो सगळ्यात शेवटी शिजतो, तोच खाली जातो. अर्धा तास दाराला हात लावू नका, काचेतून बघा, हात मागे बांधा वाटल्यास. दुसरा संशयित म्हणजे जास्त फुगावा म्हणून घातलेला जास्तीचा बेकिंग पावडर. त्याने बुडबुडे एवढे मोठे होतात की एकमेकांत मिसळून फुटतात, भिंत उभी राहायच्या आधीच छप्पर कोसळतं. आणि तिसरा म्हणजे कच्चा राहिलेला केक, वरून छान रंग आलाय म्हणून बाहेर काढलेला. ओव्हन १७० डिग्रीला आधीच तापवून ठेवा, ३५ ते ४० मिनिटं लागतील, पण घड्याळापेक्षा केककडे बघा. मध्यभागी बोटाने हलकेच दाबलं की परत वर आला पाहिजे, लाकडी काडी खुपसली तर कोरडी किंवा दोन-चार कण चिकटलेली निघाली पाहिजे आणि कडा टिनपासून सुटायला लागलेल्या दिसल्या पाहिजेत. ओव्हनच्या बटणावर छापलेल्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नका, घरगुती ओव्हन दहा-वीस डिग्री सहज खोटं बोलतात, आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो तो एकदा घेऊन टाका.

आणि एवढं सगळं करूनही मधे खड्डा पडलाच तर? अहो, तुम्हाला खड्डाच तर पाहिजेय! म्हणूनच तर मी जमिनीचा केक सुचवतेय. मी काय तुम्हाला ओळखत नाही का.

वेळापत्रक मात्र पाळा, शनिवारी सकाळी उठून सगळं करायला बसलात तर रडणारा बेडूक नाही, रडणारा बाबा होईल. बुधवारी रात्री फॉन्डंटचं काम. बकेट करायची तर मूठभर फॉन्डंटमध्ये थोडा रंग घाला, एका चमच्याच्या पाठीवर किंचित तेलाचा हात लावा, त्यावर ते पातळ लाटलेलं फॉन्डंट बसवा, पुढच्या कडेला सुरीने चार दात कापा आणि तसंच चमच्यावर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी हळूच सोडवा आणि पालथं घालून आतूनही वाळवा. दोन करा, एक फुटणारच. उरलेल्यातून रस्त्यावर ठेवतात तसे चार-पाच केशरी कोन करा, बोटाने वळून, हे लेकीला करायला द्या, वाकडे झाले तर खऱ्या साइटवरचे कोन तरी कुठे सरळ असतात. हे सगळं उघड्यावर कोरड्या जागी ठेवायचं, फ्रीजमध्ये नाही, फ्रीजमधून बाहेर काढलं की त्यावर दव जमतं आणि पुन्हा चिकट होतं.

गुरुवारी रात्री स्पंज भाजा, टिनमध्ये दहा मिनिटं, मग जाळीवर पूर्ण गार, मग प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून फ्रीजमध्ये. ताज्या केकमध्ये खणायला गेलात तर नुसता भुगा उडतो, रात्रभर गार झालेला केक बटर घट्ट झाल्यामुळे छान सुरीला धरून कापला जातो.

शुक्रवारी रात्री खरी मजा. बटरक्रीमचं माप लक्षात ठेवायला सोपं, बटरच्या दुप्पट आयसिंग शुगर. ३०० ग्रॅम मऊ बटर एकटंच आधी चार-पाच मिनिटं फेटा, मग ६०० ग्रॅम आयसिंग शुगर चाळून दोन-तीन हप्त्यांत घाला, पहिल्या हप्त्याला मिक्सरवर ओला टॉवेल टाका नाहीतर अख्खा ओटा आणि तुमच्या भुवया पांढऱ्या होतील. थोडं व्हॅनिला, एक-दोन चमचे दूध, आणि बटर बिनमिठाचं असेल तर चिमटीभर मीठ, गोडाचा मारा कमी होतो. यातला पाव भाग बाजूला काढा, तो पिवळ्यासाठी आणि खिडक्यांच्या पांढऱ्यासाठी. उरलेल्यात ५० ग्रॅम कोको, ती तुमची माती. गनाश करायचं असेल तर डार्क चॉकलेट ४०० ग्रॅम आणि क्रीम २०० ग्रॅम, क्रीम उकळीला आणून बारीक केलेल्या चॉकलेटवर ओतायचं, दोन-तीन मिनिटं हात न लावता ठेवायचं, मग मधून कडेकडे ढवळायचं, आणि गार होऊन लोण्यासारखं घट्ट झालं की मगच लावायचं. गनाश केलंत तर बटरक्रीम फक्त पिवळ्यापुरतं पुरे, ७५ ग्रॅम बटरचं.

केक एका मजबूत, सपाट बोर्डवर ठेवा, खाली थोडं क्रीम फासून, म्हणजे घसरणार नाही. आणि बोर्ड तुमच्या फ्रीजमध्ये मावतोय का ते आधी रिकामा नेऊन बघा, हसू नका, मी रात्री अकरा वाजता फ्रीजचे कप्पे काढत बसलेय. मग एका कोपऱ्याकडे साधारण तळहाताएवढा खड्डा आखा, १२ बाय १० सेंटिमीटर, आणि चमच्याने खणा. तळाला एक-दीड सेंटिमीटर राहू द्या. जो भुगा निघेल तो फेकायचा नाही, तोच आपला जेसीबी आहे.

तो भुगा एका वाडग्यात घ्या, बोटांनी अगदी बारीक कुस्करा आणि त्यात दोन-तीन चमचे बटरक्रीम घालून कणकेसारखं मळा. एकदम सगळं क्रीम ओतू नका, मुठीत दाबलं की गोळा धरला पाहिजे आणि हाताला चिकटायला नको, तिथे थांबायचं. आता मातीची खेळणी करतो तसं करायचं. एक लांबट वीट, दहा सेंटिमीटरची, ती बॉडी. तिच्या मागच्या अर्ध्यावर एक चौकोनी ठोकळा, ती केबिन. सुरीच्या पात्याने बाजू दाबून सपाट करा, कडा चिमटीने टोकदार करा, बस. हे ओबडधोबड दिसतं, त्यावर पिवळं लागलं की एकदम गाडी दिसायला लागते. बटर पेपरच्या तुकड्यावर ठेवून अर्धा तास फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या. तोवर केकला भुगा धरून ठेवणारा क्रीमचा पहिला पातळ थर द्या, खरवडल्यासारखा, आरपार स्पंज दिसला तरी चालेल. त्यालाही फ्रीजमध्ये अर्धा तास. हा थर वगळला की पुढच्या क्रीममध्ये सगळीकडे केकचे कण येतात, अर्थात तुमच्या बाबतीत मातीच करायचीय म्हटल्यावर थोडे आले तरी बिघडत नाही, पण पिवळ्या जेसीबीला मात्र तो थर नक्की द्या नाहीतर गाडीला गंज लागल्यासारखी दिसेल. दुसरा थर जाड, आणि तो गुळगुळीत करत बसू नका, काटाचमच्याने ओरखडे काढा, टायरचे ठसे उमटवा.

रंगांबद्दल. तुम्ही सहा आणलेत, लागणार दीड. पिवळा सगळ्यात गरीब स्वभावाचा रंग, बटरक्रीम मुळात पिवळटच असतं, काडीच्या टोकाएवढा जेल रंग पुरतो. पाण्यासारखा पातळ रंग असेल तर थेंबथेंब घाला, जास्त झाला की क्रीम सैल पडतं किंवा फाटतं. आणि थोडा फिका वाटला तरी थांबा, दोन-तीन तासांत तो आपोआप गडद होतो. काळा रंग मात्र उघडूच नका. मी एकदा भाचीसाठी काळं मांजर केलं होतं, पांढऱ्या बटरक्रीममध्ये काळा रंग ओतत गेले, करडं, अजून करडं, शेवटी अर्धी बाटली गेली तेव्हा कुठे काळं झालं. चवीला कडू, सगळ्या पोरांचे ओठ, जिभा, दात निळेकाळे, ग्रुप फोटोत सगळी शाई प्यायल्यासारखी दिसतात, आणि दुसऱ्या दिवशी ज्यांच्या घरी डायपरवाली पोरं होती त्यांचे फोन आले ते वेगळेच. काळं पाहिजे तिथे कोको किंवा काळपट चॉकलेट बिस्किट, बस. तुमचे टायर बिस्किटाचेच.

टायरचं एक बारीक सांगते, कारण तुमची लेक हे पकडणार. जेसीबीची मागची चाकं मोठी असतात आणि पुढची लहान. म्हणून मागे दोन मोठी गोल चॉकलेट बिस्किटं, पुढे दोन लहान. मधे पिवळ्या क्रीमचा एकेक ठिपका. पण ही चाकं शनिवारी शेवटच्या दोन तासांत चिकटवायची, आदल्या रात्री लावली तर बिस्किट क्रीममधलं पाणी पिऊन मऊ पडतं आणि पंक्चर झाल्यासारखं वाकतं.

आता सोंड. लोक इथे केक वाकवायला जातात आणि रडतात, केक हवेत तरंगत नाही. दोन वेफर बिस्किटं घ्या, लांब, एक जराशी तिरकी कापून दुसऱ्याला कोपरासारखी जोडा, जोडाला वितळलेलं चॉकलेट, आणि सपाट ठेवून दहा मिनिटं फ्रीजमध्ये. एक टोक गाडीला टेकवा, दुसरं टोक खड्ड्यात, त्या टोकाला बकेट. सोंडेचा भार खड्ड्याच्या तळावर येतो, हवेत नाही, त्यामुळे पडायचा प्रश्नच नाही. आतून आधाराला टूथपिक अजिबात घालू नका. पाच वर्षांचं पोर घास तोंडात टाकताना आत काय आहे ते बघत नाही. अगदीच आधार हवा तर न शिजवलेल्या स्पॅगेटीचा तुकडा घाला, चावला गेला तर कुरकुरेल इतकंच.

खड्ड्यात आणि आजूबाजूला माती म्हणून चॉकलेट बिस्किटांचा चुरा, पिशवीत घालून लाटणं फिरवा, काही अगदी बारीक, काही ढेकळं राहू द्या. दगड म्हणून चॉकलेटचे ओबडधोबड तुकडे. कडक गोळ्या, अख्खे दाणे, मोठे मणी नकोत, पाहुण्यांत कुणाचा तरी दोन-तीन वर्षांचा भाऊ असतोच आणि त्याच्या घशात अडकायला तेवढं पुरतं. केकमध्ये खेळणी पुरून ठेवायची आयडिया पण मनातून काढा. चमकी आणलीच असेल तर डब्यावर खाण्यायोग्य असं स्पष्ट लिहिलंय का बघा, नुसतं "बिनविषारी" लिहिलेलं असलं म्हणजे ती खायची असते असं नाही.

शेंगदाण्याचं हलक्यात घेऊ नका. त्या मुलाच्या आईला आजच फोन करा, काय चालतं, किती जपावं लागतं, नुसतं खायचं नाही की जवळही नको, हे तिच्याकडूनच ऐका. मग चॉकलेट, बिस्किट, वेफर, कोको, वरून टाकायचं जे काही असेल त्या प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा, घटकांत शेंगदाणे नसले तरी "अंश असू शकतात" असं खाली लिहिलेलं असतं, तसलं पाकीट या केकसाठी बाजूला ठेवा. पाकिटं फेकू नका, ती येईल तेव्हा तिला दाखवा, तिला फार बरं वाटेल. आणि तो चमचा, ज्याने तुम्ही सकाळी पीनट बटर खाल्लंत, तो नको, धुतलेला वेगळा घ्या. त्या पोराला वेगळा छोटा केक देऊन कोपऱ्यात बसवण्यापेक्षा सगळा केकच त्याला चालेल असा करणं या केकमध्ये काहीच अवघड नाही.

शनिवारी सकाळी पिवळा रंग गाडीला द्या, बटर पेपरवरच, सपाट सुरीने, आणि घट्ट झाली की उचलून खड्ड्याच्या काठावर. खाली दोन चमचे माती घालून जरा तिरकी बसवा, नाकाने खड्ड्याकडे झुकलेली, सरळ ठेवली तर पार्क केल्यासारखी दिसते. खिडक्या पांढऱ्या क्रीमच्या. ड्रायव्हर किंवा मांजर, जे चित्रात असेल ते, उरलेल्या फॉन्डंटचं. आणि एक मात्र करा, शेवटची माती लेकीला टाकू द्या. तिच्या हातात चमचा, चुऱ्याचा वाडगा, आणि तुम्ही बाजूला. ती सगळी एकाच ठिकाणी ओतेल, अर्धा ड्रायव्हर गाडला जाईल, जाऊ दे, साइटवर असं होतं.

केक फ्रीजमधून तासभर आधी बाहेर काढा, खोली खूप तापलेली असेल तर अर्धाच तास. फ्रीजमधलं बटरक्रीम थेट खाल्लं तर साबणाच्या वडीसारखं लागतं. केक दुसरीकडे न्यायचा असेल तर गाडीत पायाशी सपाट जागेवर, खाली न घसरणारी चटई, कुणाच्या मांडीवर नाही, मांडी उतरती असते आणि ब्रेक लागतो. मेणबत्त्या खड्ड्याभोवती घट्ट क्रीममध्ये रोवा, वेफरपासून लांब, पाच खांबांसारख्या दिसतील.

खोदकाम कसं करायचं तेही ठरवून ठेवा. पंधरा पोरांना पंधरा चमचे देऊन एकाच खड्ड्यावर सोडलंत तर दोन मिनिटांत युद्ध, आणि प्रत्येकाचा उष्टा चमचा त्यात. पहिली खोद बड्डे गर्लची, फोटो काढून घ्या, मग बाकीच्यांना छोट्या छोट्या कपात आधीच भरून ठेवलेली माती, त्यात पुरलेले दोन चॉकलेटचे दगड आणि चमचा. केकचा तुकडा सोबत. कप सकाळी भरून ठेवले की गडबड नाही.

जेसीबीला सुरी कधी लावायची हे तिला आदल्या दिवशीच विचारा, प्लीज. मी पाहिलंय, सगळं छान चाललेलं असतं, टाळ्या वाजतात आणि कुणीतरी काका हसत हसत मांजराच्या तोंडावरूनच सुरी फिरवतो, आणि पोर असं भोकाड पसरतं की पार्टी तिथेच आटोपते. कापायला सुरुवात मोकळ्या जमिनीच्या कोपऱ्यातून करा, जेसीबी बटर पेपरसकट उचलून बाजूला ठेवा. ठेवायचा म्हणाली तर ठेवा, झाकून फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतो, तिसऱ्या दिवशी ती स्वतःच चाकं खायला सुरुवात करेल.

गुरुवारी स्पंज अगदीच फसला, म्हणजे जळला किंवा आत कच्चा राहिला, तर शुक्रवारी साधा बिनसजावटीचा केक विकत आणा आणि पुढचं सगळं तसंच करा. त्यात कमीपणा काही नाही, खड्डा तर तुम्हीच खणणार आहात. बायकोला तेवढंच समाधान.

फोटो पाठवा, जेसीबीचाही आणि त्या बेडकाचाही.

– ताई